रिकाम्या जागेवरचं बोट

कळव्याच्या घरात प्राप्तीचा लॅपटॉप सदा चिकट असायचा. दोन वर्षांची मनू पडद्यावरच्या आलेखात रोज एकाच रिकाम्या जागी बोट टेकवायची, आणि प्राप्ती रोज तो डाग पुसायची.

"रोज तिथेच कशी रे टेकवते ही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, बिस्किटाचा हात आहे तो, फिजिक्स नाही!" भावेश हसला.

आज निकाल होता. म्यूऑन नावाचा इवलासा कण चुंबकात किती डोलतो, हे प्राप्तीच्या गटाने मोजलं होतं. मोजणाऱ्यांचं मन हव्या त्या उत्तराकडे ओढू नये म्हणून त्यात मुद्दाम एक गुप्त संख्या मिसळलेली होती. ती आता ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वजा होणार होती. आकडा भलतीकडे गेला, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

मनू मांडीवर बसली होती. तिने नेहमीच्या जागी बोट टेकवलं.

संख्या वजा झाली. उत्तर दाखवणारा आलेखातला उंचवटा सरकत सरकत मनूच्या बोटाखाली येऊन थांबला. मग सिद्धांताने आधीच वर्तवलेल्या उत्तराची रेघ काढली. तीही तिथूनच गेली.

"प्राप्ती, जुळलं गं! अगदी शेवटच्या अंकापर्यंत!" मीटिंगमधली एक सहकारी ओरडली.

मीटिंगच्या प्रत्येक चौकटीत टाळ्या कडाडल्या. भावेश स्वयंपाकघरातून धावत आला. प्राप्ती हसता हसता रडत होती; जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

मनूने बोट उचललं आणि दूर, कोऱ्या जागी ठेवलं.

"नाय मम्मी. आता इकडे."

उंचवटा हलला, तिच्या बोटामागे सरकला. टाळ्या वाजवणारे हात प्रत्येक चौकटीत जिथल्या तिथे थांबले.