करडईचं तेल

बाळाला तेल चोळून आजीने त्याला अंगणातल्या कोवळ्या उन्हात दुपट्यावर निजवलं आणि ती पाणी विसणायला आत गेली.

डॉक्टर शर्वाणी निटूरकर खिडकीशी आली तेव्हा तिच्या बाळाभोवती चार मांजरं बसली होती. एक बोका त्याचं पाऊल चाटत होता.

ती ओरडत धावली. बोका गुरगुरला, पण हटला नाही. तिने झडप घालून बाळ छातीशी धरलं.

"आई, कुठलं तेल लावलंस?"

"तुझंच की गं! तुझ्या नव्या करडईचं. रोज बाटली उन्हात तापवून लावते. खाल्लं तर काळजाला एवढं चांगलं, मग अंगाला वाईट कसं होईल?"

माशातला गुण मासे न खाणाऱ्यांनाही मिळावा म्हणून शर्वाणीनेच समुद्री शेवाळाची जनुकं करडईत घातली होती. तेल थंड जागी ठेवा, असं बाटलीवर छापलंही होतं. बाळाच्या मालिशीचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने बाळाची टाळू हुंगली. प्रयोगशाळेत बिघडलेल्या तेलाला यायचा, तोच सडक्या मासळीचा वास.

"मला वाटलं, औषधाचाच वास असेल," आई म्हणाली. तिच्या घरात मासळी कधी आलीच नव्हती.

"बाकीच्या बाटल्या कुठेत?"

"बारशाला वाटल्या. गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना."

शर्वाणीने वर पाहिलं. घारी घिरट्या घालत होत्या. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर एक बाई किंचाळली.