आधीच हजर

सरकारचा आदेश आला आणि ढवळेबाईंच्या शाळेत मोबाईलसमोर चेहरा धरून हजेरी सुरू झाली. जुळ्या बहिणींपैकी ईश्वरीचा चेहरा लगेच ओळखला जाई; पाठोपाठ राजेश्वरी उभी राहिली की ॲप म्हणे, 'आधीच हजर.' सरकारदरबारी ती रोज गैरहजर. बाईंनी वर कळवलं, पण उत्तर आलं नाही.

सोमवारी राजेश्वरी आली ती केस वेडेवाकडे कापून. कात्री तिनंच चालवली होती.

"बाई, आता तरी मी वेगळी दिसेन ना?"

 बाईंनी मोबाईल तिच्या चेहऱ्यासमोर धरला. उत्तर तेच आलं.

राजेश्वरी श्वास रोखून बघत होती. बाईंनी मोबाईल पटकन पदराआड केला. "दिसलीस गं! हजर!"

ती उड्या मारत जागेवर गेली. बाईंना मात्र पुढचं नाव घेववेना.