नारिंगी रेघ

"ज्याने रेघ ओढली त्यानेच ती पुसायची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही, बायकोनेसुद्धा नाही," असं हार्लन म्हणाले, तेव्हा कोरिन लेकीच्या हनुवटीवरचा पाक पुसत होती. तिने नुसती मान हलवली.

धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये दर शनिवारी विमान क्लबची पॅनकेकची न्याहारी असे. सभासदांनी घरी बांधलेल्या विमानांवर हार्लनची नजर असायची, आणि नवीन माणसाला ते असलं काहीतरी ऐकवतच. म्हाताऱ्याची सवय, एवढंच कोरिनला वाटलं.

तिचा नवरा वेंडेल पाच वर्षं गॅरेजात विमान बांधत होता. पिवळं, दोन सीटांचं. त्यांची गाडी तेव्हापासून बाहेर बर्फात उभी राहायला शिकली होती. नट पुरता आवळला की वेंडेल त्यावर नारिंगी लाखेची एक बारीक रेघ ओढायचा. रेघ आहे म्हणजे काम झालं, नाही म्हणजे नाही. बायकोच्या शब्दापेक्षा माझा या रेघेवर जास्त भरवसा आहे, असं तो कोरिनच्या देखत सांगायचा आणि वर तिच्याचकडे बघून हसायचा.

कोरिन कॉलेजात संख्याशास्त्र शिकली होती. अशा विमानांच्या पहिल्या उड्डाणांत काय काय होतं, याचे आकडे तिने एका दुपारी शोधून काढले. मग शोधले नसते तर बरं, असं तिला वाटलं. त्यांची लेक ज्यूनी चार वर्षांची होती.

मार्चमध्ये विमान क्लबच्या शेडमध्ये हलवलं आणि तपासनीस येऊन उड्डाणाच्या परवानगीचा कागद देऊन गेला. उड्डाणाची तारीख ठरली. आदल्या दिवशी वेंडेल कामावर गेल्यावर कोरिन शेडमध्ये गेली, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं आणि शेपटाजवळच्या एका नटावरची रेघ पुसून टाकली. नट तिने हलवला नाही. तो होता तसाच घट्ट राहिला.

वेंडेलला ते सापडलं. त्याने उड्डाण पुढे ढकललं आणि नऊ दिवस एकेक नट पुन्हा तपासला. त्या नऊ दिवसांत कोरिनला शांत झोप लागली.

मग एप्रिलमध्ये तिने आणखी एक रेघ पुसली, मेमध्ये दोन. सगळ्या मिळून चार. कुणाचं काही बिघडत नव्हतं, फक्त तारीख पुढे जात होती.

तो चिडेल, हार्लनना बोलावून आणेल, अशी तिची तयारी होती. तसं काहीच झालं नाही. तो गप्प होत गेला. ज्यूनीला पाळणाघरात तूच सोडत जा, म्हणाला. घराबाहेर पडताना दारातून परत फिरून शेगडीची बटणं बघू लागला. जूनमध्ये जेवताना, ताटातला बटाटा चिवडत, विमान विकायला काढतोय म्हणाला.

कोरिनला हवं होतं ते मिळालं होतं. दोन दिवस ती खूश होती.

तिसऱ्या दिवशी हार्लन तिला दुकानात भेटले. वेंडेल आपल्याकडे डोक्याच्या चांगल्या डॉक्टरची चौकशी करत होता, असं त्यांनी हळूच सांगितलं. तेव्हा कुठे कोरिनला तिचे सासरे आठवले. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना स्वतःच्या घराची वाट आठवेनाशी झाली होती. वेंडेल एकोणचाळीस वर्षांचा होता.

घरी येऊन पिशव्या ओट्यावर ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "त्या रेघा मी पुसल्या. तू उडू नयेस म्हणून."

वेंडेल खुर्चीत बसला. मग त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि त्याचे खांदे हलू लागले. तो रडतोय असं वाटून ती जवळ गेली. तो हसत होता.

"अगं बये, मला वाटलं बाबांचं दुखणं माझ्या वाट्याला आलं."

किती पुसल्या, कुठल्या पुसल्या, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दोघांच्याही छातीवरचा दगड उतरला होता.

शनिवारी उड, असं कोरिनच म्हणाली.

शनिवारी वारा नव्हता. बायकोने सोडलं वाटतं, असं हार्लननी चिडवलं. तिच्याकडून लिहून घेतलंय, असं वेंडेल म्हणाला. पहिल्या उड्डाणाला धावपट्टी सोडून लांब जायचं नाही, वरच घिरट्या घालायच्या आणि दर फेरीला रेडिओवर सांगायचं, असं ठरलं. हार्लननी कोरिनच्या हातात छोटा रेडिओ दिला आणि ते पॅनकेक उलटायला गेले. वेंडेलने चढण्याआधी खिशातून एक वही काढून तिच्याकडे टाकली.

"ही जाळून टाक. आवळलेला आठवतोय पण रेघ नाही, असा प्रत्येक नट हिच्यात लिहीत होतो, वेड्यासारखा."

विमान सहज उचललं गेलं. ज्यूनीने टाळ्या वाजवल्या. पहिल्या फेरीला रेडिओवर आवाज आला, सगळं ठीक. दुसऱ्या फेरीलाही. तिसऱ्यालाही.

कोरिनने वही उघडली. आपले चार प्रताप त्याच्या अक्षरात वाचून थोडी लाज वाटून घ्यावी, एवढाच तिचा विचार होता. मार्चची नोंद होती. एप्रिलची, मेच्या दोन. त्यांच्या आधी आणि मधेमधे आणखी सात होत्या. पहिली मागच्या नोव्हेंबरातली होती. नोव्हेंबरात कोरिनने त्या विमानाला बोटही लावलं नव्हतं.

तिने वर पाहिलं. चौथ्या फेरीला विमान वळलं नाही. नदी ओलांडून ते सरळ उत्तरेकडे जात होतं, अगदी एकसारखं, कसलीही घाई नसल्यासारखं.

तिने बटण दाबून त्याला नावाने हाक मारली. पुन्हा मारली. मग ज्यूनीला मांडीवर घट्ट धरून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलली.

"या रेडिओलहरीवर कुणी वैमानिक असाल तर ऐका. पिवळं, दोन सीटांचं विमान आहे, आत एकटाच माणूस आहे. तो दिसला तर त्याच्याजवळ जा. कुठे निघालाय ते त्याला आठवतंय का, एवढं विचारून बघा."