भावाची गाडी

थोरला भाऊ जाऊन महिना झाला होता. गाडी आता वहिनी चालवणार, म्हणून धाकट्याने आपल्याच गॅरेजात तिला रिमोट स्टार्टर आणि अलार्म बसवला. आधी बॅटरी सोडवली, प्रत्येक जोड टेपने गुंडाळला. हात चालत होते, मन बधिर होतं.

त्याने बाहेरून बटण दाबलं. इंजिन सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. तीनदा तेच.

"काय बिघडलं, भावजी?"

"काहीच नाही. किल्लीशिवाय कुणी ब्रेक दाबला, तरच ती अशी बंद पडते."

"आत तर कुणी नाही."

त्याने गाडीच्या मागे जाऊन पुन्हा बटण दाबलं. रिकाम्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे लागले. इंजिन थांबलं.

"अहो, मी हळू चालवीन," वहिनी काचेपाशी वाकून शांतपणे म्हणाली.

दिवे विझले नाहीत.