एकविसाव्या पानावरची टिकली

देवाशप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी विहिरीत पडो!

शशिकलेला ‘धूम्रद्वीप’ मालिकेचं भारी वेड. बावन्न भाग! एरवी गुडघे धरून जिना उतरणारी ही बाई, पुस्तक उघडलं की गरुडावर बसून समुद्र ओलांडायची. वाचलेला भाग चुकून पुन्हा आणायला नको, म्हणून वाचनालयाच्या पुस्तकात एकविसाव्या पानावर ती बारकी हिरवी टिकली चिकटवायची.

त्या दुपारी तिने एकतिसावा भाग उघडला. तिसावा नुकताच संपवल्याचं तिला पक्कं आठवत होतं. बघते तर काय, एकविसाव्या पानावर हिरवी टिकली!

तिने भराभरा पुढची पानं वाचली. एकही ओळ ओळखीची वाटेना. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी आमटीत दोनदा मीठ, आणि मग एक दिवस पोटच्या पोरीलाच, “तू कुणाची गं?”

ती तशीच वाचनालयात गेली. “नूतन, खरं सांग हं. हा भाग मी आधी नेला होता?”

ग्रंथपाल नूतन हसली. “अहो काकू, ती टिकली माझी! तुमचं बघूनच लावते मी.”

शशिकलेचा जीव भांड्यात पडला.

बरं, कवळी एकच आहे, म्हणून सांगते. नूतनचं ते बोलणं तेवढं मी घातलं. खरी नूतन रजिस्टर बघून हळूच म्हणाली, “मागच्या मंगळवारीच नेला होता, काकू.”

शशिकला घरी आली. पहिल्या टिकलीशेजारी तिने दुसरी लावली, आणि बसली गरुडावर.