काकड्याचा आवाज

भीमा भगताचं अंग थरथरायला लागलं तशी निलम गुडघ्यांवर पुढे सरकली. सारवलेल्या अंगणात तांदळाची लहानशी रास घातली होती आणि शेजारी ताडीचा पेला. गेलेल्या माणसाला भगताच्या अंगात बोलवायचं, काय राहिलं ते विचारायचं आणि मोकळं करायचं; एकदा मोकळं केलं की परत बोलवायचं नाही. सायवनच्या या पाड्यावर सगळ्यांचं असंच होई. आज काकड्याचं होतं.

निलम काकड्याची मुलगी. वापीला नोकरी करणारी, चार पुस्तकं वाचलेली. भगताच्या अंगात बाप येतो यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी ती रजा टाकून आली होती. दवाखान्यात बापाच्या गळ्याला भोक पाडून नळी घालायची ठरली तेव्हा कागदावर सही तिने केली होती. पुढचे नऊ दिवस तो तिचं मनगट धरून ओठ हलवत राहिला. नळीमुळे शब्द फुटत नव्हता. काढ म्हणत होता की राहू दे म्हणत होता, हे तिला आजवर कळलं नव्हतं.

"आला कं?" लाहूकाकाने विचारलं. काकड्याचा धाकटा भाऊ तो.

भगताचं थरथरणं थांबलं. त्याने खांदे आत ओढून घेतले, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात पुढ्यात हवेतच ठेवले, जणू समोर टेबल आहे. अंगणात कुजबुज झाली. ही बैठक सगळ्यांच्या ओळखीची होती.

चारोटीच्या एका हॉटेलात काकड्या भांडी घासत असताना कुणा सिनेमावाल्याची नजर त्याच्यावर पडली. तीच ठेंगणी अंगलट, तसाच गरीब चेहरा. युद्धाच्या तीन सिनेमांत काकड्या लालबहादूर शास्त्री झाला. तिन्हींत टोपी, धोतर, मोठं टेबल, टेबलावर सरहद्दीचा नकाशा, भोवती उंचच उंच सेनापती आणि मध्ये एवढासा काकड्या. प्रत्येक वेळी बोलायला एखादं वाक्य. तेवढ्यावर डहाणूपासून तलासरीपर्यंत तो शास्त्रीजी झाला. बाजारात कोळणी हाका मारायच्या, "शास्त्रीजी, बोंबील घ्या आधी, लढाई मग करा."

"विचार, पोरी," लाहूकाका म्हणाला. "जास्त थांबायचा नाय."

निलम आणखी पुढे वाकली. "बा, नळी काढायला सांगत होतास का मला?"

भगताचे ओठ उघडले. आवाज आला तो खर्जातला, भरदार, एकेक शब्द तोलून टाकलेला.

"लड़ाई हमने नहीं माँगी थी। मगर अब एक क़दम पीछे नहीं हटेंगे।"

बायांनी पदर डोळ्यांना लावले. "तोच," लाहूकाका म्हणाला. "सही सही तोच. आवाजसुद्धा." निलमची आई, जमुना, कपाळ जमिनीला टेकवून रडायला लागली. तो गेल्यापासून तीन महिन्यांत तिला एकदाही रडू आलं नव्हतं.

"काका, हा बाचा आवाज नाय."

"नाय कसा? मोबाईलवर शंभर वेळा ऐकलाय."

"मोबाईलवरचा दुसऱ्याचा आहे. मुंबईचा माणूस आणून भरलाय."

खरंच होतं ते. शूटिंगला काकड्या 'लडाय' म्हणाला की सगळे हसायचे. म्हणून त्याचे ओठ तेवढे ठेवले आणि आवाज डबिंगवाल्याचा घातला. एकदा डबिंगच्या वेळी निलम त्याच्यासोबत गेली होती. काचेपलीकडे एक जाडा माणूस पडद्यावरच्या काकड्याचे ओठ बघत बोलत होता. अलीकडे काकड्या बाकावर बसून चहा पीत होता. "माझ्यापक्षा बेस बोलतो," एवढंच तो म्हणाला. पाड्यावर त्याने हे कुणाला सांगितलं नाही. तिनेही नाही.

"लाज राख जरा," लाहूकाका दबक्या आवाजात म्हणाला. "तुझा बापूस समोर हाय."

पण तेवढ्यात भगताची मान लुळी पडली आणि तो एका अंगावर कलंडला. कुणीतरी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. भीमाने डोळे उघडले, पाण्याने भिजलेला सदरा चाचपला आणि विडी मागितली.

"गेला," लाहूकाका म्हणाला. "मोकळा झाला."

बायका उठून जेवणाच्या पानांकडे वळल्या. जमुना मात्र तिथेच बसून होती. तिने कपाळाची माती पुसली नाही.

"दुसऱ्याचा?" तिने विचारलं.

"हो, आये."

"मंग माझ्या माणसाचा कसा होता?" तिच्या विचारण्यात राग नव्हता. "मला तर आता तोच आठवतो. तू शिकलेली. तूच बोलून दाखव एकदा, त्याच्यासारखं."

निलमने तोंड उघडलं. शब्द होते तिच्याकडे. शेताच्या बांधावरून रोज दुपारी हाक यायची, "नीले, भाकर आण गे." तिने ती आधी मनात ऐकायला घेतली.

मनात तो काचेपलीकडचा जाडा माणूस म्हणाला, नीले, भाकर आण गे.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच बोलला.

जमुना लेकीच्या उघड्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.