संकल्पातील गाव

वाटूरला घराच्या अंगणात तृप्तीची बुटकी, लाल स्पोर्ट्स कार पूजेसाठी उभी होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन तृप्ती प्रथमच रेसट्रॅकवर जाणार होती; परंतु यथाविधी संकल्प झाल्यावाचून गाडी हलणार नाही, अशी आई द्वारकाबाईंची अट होती. भागवतगुरुजींनी पळीत उदक घेतले. प्रवासाच्या संकल्पात जाण्याचे स्थान उच्चारावे लागते, म्हणून त्यांनी विचारले, "बाळ, कोठे पोचायचे आहे?"

चाकांतली हवा तपासता तपासता तृप्ती म्हणाली, "कुठंच न्हाई, गुरुजी. तिथल्या तिथं गोल फिरायचं."

"मग शर्यतीत यश मिळावे, असे म्हणू?"

"शर्यत बी न्हाई. ज्यानं त्यानं आपली गाडी पळवायची."

"पेट्रोल जाळून जागच्या जागी," द्वारकाबाई पुटपुटल्या.

गुरुजी गोंधळले. पळीतले उदक तसेच राहिले. "मग जायचे तरी कशासाठी?"

"घरून निघाले की फाट्यापर्यंत जो तो विचारतो, कुठं चाललीस म्हणून. तिथं कुणी विचारत न्हाई."

गुरुजींनी साहाय्यासाठी द्वारकाबाईंकडे पाहिले. त्या लेकीकडे पाहत होत्या.

"गावाचं ऱ्हाऊ द्या, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पुढचं म्हणा."